नवरा किंवा बायको जेलमध्ये असेल, तर घटस्फोट मिळतो का?

मार्च २०२० मध्ये बिहारमधील औरंगाबादच्या फॅमिली कोर्टात घटस्फोटाचा एक अर्ज दाखल झाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. अर्ज करणारी महिला दिल्लीच्या निर्भया प्रकरणातील एका दोषीची पत्नी होती. फाशी काही दिवसांवर आलेली असताना, आपल्याला विधवा म्हणून जगायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. फाशी लांबवण्यासाठीची ही खेळी असल्याची टीकाही झाली. अर्जाचा निकाल लागण्याआधीच, २० मार्चला फाशी झाली.

तिच्या अर्जाला कायद्याचा आधार मात्र होता. हिंदू विवाह कायद्यानुसार पती बलात्काराचा दोषी असेल, तर पत्नी घटस्फोट मागू शकते. पण गुन्हा खुनाचा, दरोड्याचा किंवा फसवणुकीचा असेल तर? जोडीदार जेलमध्ये आहे, एवढ्यावर घटस्फोट मिळतो का? याचं उत्तर लग्न कोणत्या कायद्याखाली झालं आहे, यावर ठरतं.

कोणत्या कायद्यात काय तरतूद आहे?

हिंदू विवाह कायदा, १९५५ : महाराष्ट्रातील बहुतेक लग्नं याच कायद्याखाली येतात. बौद्ध, जैन आणि शीख धर्मीयांनाही तो लागू आहे. या कायद्यात तुरुंगवास हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण नाही. जोडीदाराला जन्मठेप झाली असली तरी दुसरं कारण दाखवावं लागतं.

विशेष विवाह कायदा, १९५४ : ज्याला आपण ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, ते या कायद्याखाली होतं. जोडीदार ७ वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा भोगत असेल, तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो.

मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ : पतीला ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल, तर पत्नी कोर्टात जाऊ शकते. मात्र ती शिक्षा अंतिम झालेली हवी. अपील प्रलंबित असेल, तर थांबावं लागतं.

पारशी विवाह कायदा, १९३६ : इथेही ७ वर्षांचीच अट आहे. शिवाय त्यातलं किमान १ वर्ष भोगून झालेलं असावं लागतं.

ख्रिस्ती विवाह : १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तुरुंगवास हे कारण नाही. क्रूरता किंवा परित्याग यांसारखी कारणं दाखवावी लागतात.

ज्या कायद्यांत ७ वर्षांची अट आहे, तिथे ७ वर्षं शिक्षेची धरली जातात. खटला सुरू असताना जेलमध्ये असलेला कच्चा कैदी कितीही वर्षं आत असला, तरी त्याला शिक्षा झालेली नसते. त्यामुळे हे कारण लागू होत नाही.

लग्नाचा दाखला नीट वाचा

महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदणी केली म्हणजे कोर्ट मॅरेज झालं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. हिंदू पद्धतीने लग्न लावून नंतर त्याची फक्त नोंद केली असेल, तर हिंदू विवाह कायदाच लागू राहतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं किंवा नोंदवलं असेल, तर दाखल्यावर त्या कायद्याचा उल्लेख असतो. ७ वर्षांचा नियम लागू होणार की नाही, हे त्या एका ओळीवरून कळतं.

हिंदू विवाह कायद्याखाली मार्ग कोणते?

पहिला मार्ग क्रूरतेचा. क्रूरता म्हणजे फक्त मारहाण नव्हे, मानसिक त्रासही त्यात येतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात पत्नीला घटस्फोट दिला. तिच्या पतीला स्वतःच्या वडिलांच्या खुनासाठी जन्मठेप झाली होती. अशा माणसासोबत संसार करायला लावणं ही पत्नीसाठी मानसिक क्रूरता ठरते, असं न्यायालयाने मानलं. पण प्रत्येक शिक्षेला हे आपोआप लागू होत नाही. गुन्हा किती गंभीर आहे आणि त्याचा जोडीदारावर व मुलांवर काय परिणाम झाला, हे कोर्ट पाहतं. नुसता गुन्हा दाखल असणं आणि दोषी ठरणं यातही मोठा फरक आहे. म्हणून फौजदारी कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत महत्त्वाची ठरते.

दुसरं कारण म्हणजे परित्याग, म्हणजे जोडीदाराने सलग २ वर्षं सोडून देणं. यात नातं तोडण्याचा हेतू दाखवावा लागतो. जेलमध्ये गेलेला माणूस स्वतःच्या इच्छेने घर सोडून गेलेला नसतो. त्यामुळे केवळ जेलमधल्या वर्षांवर हे कारण टिकणं अवघड असतं. तो अटकेआधीच सोडून गेला असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरा मार्ग परस्पर संमतीचा. दोघं तयार असतील, तर हा सर्वात कमी त्रासाचा. किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पहिल्या अर्जानंतर ६ महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात हे ६ महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. कैद्याची संमती खरी आहे का, याची खात्री मात्र कोर्ट स्वतः करून घेतं.

अर्ज कुठे करायचा?

पती दूरच्या शहरातल्या जेलमध्ये असला, तरी पत्नीला तिकडे जाण्याची गरज नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींनुसार पत्नी सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. अर्जदार पती असेल, तर लग्न झालेलं ठिकाण किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले ते ठिकाण धरता येतं.

पत्ता जेलचाच द्या

इथे झालेली चूक पुढे फार महागात पडते. काही जण अर्जात जोडीदाराचा घरचा जुना पत्ता देतात. समन्स तिथे जातं, कैद्याला पत्ताच लागत नाही, कोणी हजर राहत नाही आणि एकतर्फी निकाल लागतो. काम लवकर झाल्यासारखं वाटतं. पण आपल्याला समन्स मिळालंच नाही, हे कैद्याने नंतर सिद्ध केलं, तर असा निकाल रद्द होऊ शकतो. तोवर दुसरं लग्न झालेलं असेल, तर त्या लग्नावरच प्रश्नचिन्ह उभं राहतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैद्याचं समन्स जेलच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे पाठवलं जातं आणि तो ते कैद्यापर्यंत पोहोचवतो. कैद्याला वकील नेमता येतो आणि आपली बाजूही मांडता येते. गरज पडल्यास कोर्ट त्याला हजर करण्याचा आदेश देऊ शकतं किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला परवानगी देऊ शकतं.

खर्च, पोटगी आणि मुलं

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीलाही हाच हक्क आहे. म्हणजे अशा खटल्यात दोन्ही बाजूंना मोफत मदत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करावा.

पती जेलमध्ये आहे म्हणून पोटगीचा हक्क संपत नाही. जेलमधली मजुरी तुटपुंजी असते, पण त्याच्या नावावर शेती, घर किंवा भाड्याचं उत्पन्न असेल, तर त्याची माहिती अर्जात द्यावी. मुलांचा ताबा ठरवताना कोर्ट मुलांचं हित पाहतं. त्यांनी जेलमधल्या पालकाला कधी आणि कसं भेटायचं, याचा आदेशही त्याच खटल्यात मागता येतो.

निकाल लागला की लगेच दुसरं लग्न करू नये. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलासाठी ९० दिवस असतात. ती मुदत अपील न होता संपली किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं, की मगच दुसरं लग्न करता येतं.