राजपुतळे, मुंबईतील

इंग्रजी अमदानीत मुंबईच्या कोट भागातील चौकांत आणि मैदानांच्या कडेला राजे, राण्या, गव्हर्नर-जनरल व गव्हर्नर यांची जी शिल्पे वर्गणीतून अथवा संस्थानिकांच्या व सावकारांच्या देणगीतून उभी राहिली, आणि ज्यांपैकी बहुतेक 1965 साली चबुतऱ्यांवरून उतरवून भायखळ्यास रवाना करण्यात आली, ती सारी येथे ‘राजपुतळे’ या संज्ञेत अभिप्रेत आहेत. शिल्प म्हणून त्यांपैकी काहींची योग्यता वादातीत होती. वाद झाला तो त्यांच्या जागेचा. शंभराहून अधिक वर्षांच्या या इतिहासात पुतळ्याचे नाक ओबडधोबड आहे, घोड्याचा पाय शास्त्राला धरून नाही, अशी तक्रार कोणी दाखल केल्याचे फारसे आढळत नाही. या चौकात कोणी उभे राहावे आणि त्याच्यापुढून कोणी मान वर करून जावे अथवा खाली घालून, एवढाच प्रश्न निरनिराळ्या रूपांनी विचारला गेला.

मराठीत मूर्ती आणि पुतळा हे दोन शब्द वेगळे नांदतात, हे या प्रकरणी ध्यानात ठेवले पाहिजे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पुतळ्याचे अनावरण होते. मूर्तीला नैवेद्य लागतो, पुतळ्याला जयंतीचा हार पुरतो. मूर्ती भंगली तर तिचे विसर्जन करावे अशी रूढी आहे, पुतळा भंगला तर काय करावे याविषयी रूढी मूक आहे. अनावरणाचा विधी हा पश्चिमेकडून आलेला, आणि तो आला तेव्हा येथील सामान्य जनांना ही दोन खाती वेगळी ठेवण्याचे कारण उमगले नव्हते. त्याचा पहिला प्रत्यय लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याने आणून दिला. 1805 मध्ये गाझीपूर येथे मरण पावलेल्या या गव्हर्नर-जनरलचे संगमरवरी शिल्प टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात, म्हणजे पुढे जेथे एल्फिन्स्टन सर्कल व आताचे हॉर्निमन सर्कल झाले तेथे, उभारण्यात आले, आणि थोड्याच काळात येणारेजाणारे लोक त्याला फुले वाहू लागले, हात जोडू लागले. साहेबाचा देव तो हाच असावा, अशी त्यांची सरळ समजूत झाली होती. ही पूजा सरकारी अधिकाऱ्यांना अवघड वाटली, हे समजण्यासारखे आहे; बंगालमध्ये जमीनदारांशी कायमचा धारा ठरविणारा आणि श्रीरंगपट्टणला टिपूशी लढलेला सेनापती हळदकुंकवाचा धनी व्हावा, हे कोणत्याही दफ्तरात न बसणारे होते. परंतु जाणाऱ्या-येणाऱ्याने वाटेवरच्या दगडाला नमस्कार करावा यात त्या काळच्या मुंबईला विपरीत असे काही दिसत नव्हते.

पूजेच्या विरुद्ध टोकाची घटना राणीच्या पुतळ्याच्या वाट्याला आली. महाराणी व्हिक्टोरियाचा हा सिंहासनस्थ पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडविला होता. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी त्यासाठी 1,80,000 रुपयांहून अधिक खर्च सोसला, आणि 1872 साली व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. डोक्यावर नक्षीदार संगमरवरी छत्री, आसपास बारीक कोरीवकाम, आणि समोर एस्प्लनेडचा प्रशस्त रस्ता अशी त्याची मांडणी असून शहर पाहावयास आलेल्या मनुष्याला ते एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसले होते. 1896 च्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी त्या शुभ्र मुखावर डांबर फासलेले आणि गळ्यात खेटरांची माळ घातलेली लोकांनी पाहिली. पोलिसांनी पुष्कळ तपास केला, पण करणारा हाती लागला नाही. पुढे 22 जून 1897 च्या रात्री, म्हणजे त्याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई पुण्यात चालू असताना, प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि त्या प्रकरणी पकडलेल्या दामोदर हरी चापेकरांनी मुंबईचे ते कृत्यही आपलेच म्हणून सांगितले. 1898 च्या एप्रिलमध्ये येरवड्यास फाशी जाण्यापूर्वी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी याची हकिकत दिली आहे.

या कृत्याकडे केवळ विध्वंस म्हणून पाहणे उथळपणाचे होईल. चापेकरांनी हातोडा आणला नव्हता. मुखावर लेप आणि गळ्यात माळ, हे दोन्ही उपचार पूजेतलेच. फक्त चंदनाच्या जागी डांबर आणि झेंडूच्या जागी पायताण आले. कॉर्नवॉलिसला फुले वाहणारा अनाम मनुष्य आणि राणीला खेटरे घालणारा चित्पावन तरुण हे दोघे एकाच व्याकरणात बोलत होते, आणि दगडात काहीतरी वास करीत आहे हे दोघांनाही मान्य होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रसंगाचा उत्तरार्ध त्याहून चमत्कारिक आहे. डांबर संगमरवरात मुरले, आणि नेहमीच्या उपायांनी डाग हटेनात. अखेर ते काम त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी अंगावर घेतले आणि तडीस नेले. गज्जर मूळचे सुरतेचे. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी रंगविद्येचे शिक्षण सुरू केले होते आणि नंतर ते मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापन करीत होते. राणीचा चेहरा उजळल्यामुळे त्यांची कीर्ती सर्वत्र झाली. पुढे मुंबईत त्यांची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा निघाली, आणि 1907 साली बडोद्यास स्थापन झालेल्या ‘ॲलेंबिक’ या रासायनिक कारखान्याच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. बडोद्याच्या महाराजांनी दिलेला पुतळा बडोद्याच्या विद्येने धुऊन निघाला, एवढा योगायोग कोशकाराने नोंदवून पुढे जावयास हरकत नाही.

काळा घोडा या नावाने सर्वांस ठाऊक असलेला पुतळा वस्तुतः घोड्याचा नव्हताच. युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) 1875 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरला, त्या भेटीच्या स्मरणार्थ बगदादी यहुदी घराण्यातील धनाढ्य व्यापारी सर आल्बर्ट ससून यांनी व्हिएन्नात जन्मलेल्या व लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराकडून युवराजाचे अश्वारूढ शिल्प करवून घेतले, आणि 1879 साली ते ससून ग्रंथालयाच्या समोरच्या चौकात बसविण्यात आले. काशाचा रंग काळवंडला, आणि लोकांनी स्वार वगळून वाहनाचे नाव चौकाला दिले. यात द्वेष नव्हता, निषेधही नव्हता. भायखळ्याच्या एका पारशी गृहस्थाचे उंच खांबावरचे शिल्प ज्या सहजतेने ‘खडा पारसी’ झाले, त्याच सहजतेने हेही घडले. पण राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहू जाता, डांबरापेक्षा ही अवहेलना अधिक खोल होती असे वाटते, कारण डांबर धुता येते आणि नाव धुता येत नाही.

विसाव्या शतकात राजनिष्ठा आणि राष्ट्रनिष्ठा एकाच चबुतऱ्यावर नांदविण्याचा एक विलक्षण उद्योग महाराष्ट्रात झाला. ‘मंदिरपथगामिनी’च्या शिल्पाने नाव मिळविलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी पंचम जॉर्जचा मुंबईतील पुतळा घडविला, आणि त्याच हातांनी न्यायमूर्ती रानड्यांचाही. पुण्याच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ स्मारकाचा पायाचा दगड 1921 साली खुद्द इंग्रज युवराजाच्या हस्ते बसविण्यात आला. विनायकराव करमरकरांनी ओतविलेला तो पुतळा 1928 मध्ये उघडा झाला तेव्हाही समारंभाला गव्हर्नर हजर होते. ज्यांना आज यात विसंगती दिसते त्यांनी हे लक्षात घ्यावे, की पुतळ्यासाठी जागा सरकारची असे, आणि जागा ज्याची त्याचा मान राखल्याशिवाय तजवीज पुढे सरकत नसे.

तुलनेसाठी मद्रासकडे पाहणे उपयुक्त आहे. अठराशे सत्तावन्नच्या धामधुमीत अलाहाबाद व कानपूर येथे अमानुष सूड उगविणाऱ्या जेम्स नील याचा पुतळा तेथील माउंट रोडवर होता. 1927 मध्ये तो हलविण्यासाठी सत्याग्रह झाला. स्वयंसेवक हातोडे, कुऱ्हाडी घेऊन येत आणि अटक होत. गांधीजींनी अहिंसेच्या अटीवर त्याला पाठिंबा दिला. पुढे 1937 साली राजाजींचे मंत्रिमंडळ आल्यावर तो पुतळा संग्रहालयात गेला. मात्र त्याच शहरात, त्याच मार्गावर थोड्या अंतराने असलेला सर टॉमस मन्रोचा चँट्रेने घडविलेला अश्वारूढ पुतळा 1839 पासून आजतागायत हललेला नाही. मन्रोच्या घोड्यावर खोगीरही नाही व रिकीबही नाही, ही त्याची प्रसिद्ध उणीव. पण रयतवारीचा हा पुरस्कर्ता जनतेच्या मनातून उतरला नाही, म्हणून घोड्यावरूनही उतरला नाही. गोरे राज्यकर्ते तेवढे सारखे असा सरसकट हिशेब लोकांनी कधीच केला नव्हता, याचा हा पुरावा होय.

मुंबईत स्वातंत्र्यानंतर अठरा वर्षे राजपुतळे जागच्या जागी राहिले. ही दिरंगाई होती, सहिष्णुता होती की निव्वळ विस्मरण, हे ठरविणे कठीण आहे. ज्या वर्षांत शहर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पेटले होते आणि फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबारात माणसे पडत होती, त्या वर्षांत काही पावलांवरच्या दगडी राणीकडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसावी. 1 मे 1960 ला राज्य झाले, 1961 मध्ये गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला, हुतात्म्यांचे स्मारक कारंज्याच्या शेजारी उभे राहिले, आणि जुन्या मंडळींची उपस्थिती एकदम डोळ्यांत भरू लागली. 1965 मध्ये काही पुतळ्यांची मोडतोड झाली, तेव्हा बाकीच्यांचाही बंदोबस्त करावा असे ठरून क्रेन आणि ट्रक आले. राणी, युवराज, कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि इतर लाटसाहेब यांची रवानगी भायखळ्याच्या बागेत झाली. टाऊन हॉलच्या आत असलेल्या एल्फिन्स्टन, माल्कम, फ्रियर आदींच्या शिल्पांना कोणी हात लावला नाही. ती उंच पायऱ्या चढून गेल्यावर पुस्तकांच्या सोबतीत, नाना शंकरशेटांच्या शेजाराने आजही आहेत. एल्फिन्स्टन आदी मंडळीही राज्यकर्तेच होती. रस्त्यावर नव्हते, एवढाच फरक.

भायखळ्याची निवड सोयीसाठी झाली असली तरी तीत एक नियतीचा विनोद दडलेला आहे. ती बाग मूळची व्हिक्टोरिया गार्डन्स. लोक तिला राणीचा बाग म्हणत, आणि जिजामाता उद्यान असे नामांतर झाल्यावरही म्हणतात. लगतचे वस्तुसंग्रहालय (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) राणी व तिचा पती यांच्या नावाने 1872 मध्येच, म्हणजे पुतळ्याच्या वर्षीच, उघडले होते. उलटपक्षी फ्लोरा फाउंटन हे कारंजे या बागेसाठीच योजिले होते, ते ऐनवेळी कोटात बसले. म्हणजे बागेचे कारंजे कोटात राहिले आणि कोटातली राणी स्वतःच्या बागेत आली. संग्रहालयाच्या आवारात आणखी एक विस्थापित आधीपासून मुक्कामास आहे, तो घारापुरीचा दगडी हत्ती. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत 1864 साली तो फुटला, त्याचे तुकडे येथे आले, आणि 1914 मध्ये ते पुन्हा सांधण्यात आले. या हत्तीच्या नावावरून पोर्तुगिजांनी ज्या बेटाला एलिफंटा म्हटले, ते बेट मात्र हत्तीविना राहिले. घोड्याविना राहिलेल्या काळ्या घोड्याच्या चौकाशी त्याचे हे साम्य आहे.

नाक व हात भंगलेले हे राजे तेथे झाडांखाली आले, आणि त्या दिवसापासून वाद संपला. मोर्चा नाही, फिर्याद नाही, डांबराचा डबा नाही. खंडित मूर्तीचे विसर्जन करणाऱ्या समाजाने खंडित पुतळे सांभाळून ठेवले, पण तेही श्रद्धेने नव्हे, तर जुन्या सामानाची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाच्या अलिप्ततेने. कलेच्या दृष्टीने ही उपेक्षा शोचनीय आहे. नोबलचे कोरीवकाम पावसात झिजत राहावे याला राष्ट्राभिमान म्हणता येत नाही. दिल्लीत पंचम जॉर्जचे जॅगरने घडविलेले शिल्प 1968 मध्ये इंडिया गेटसमोरच्या छत्रीखालून हलवून दरबाराच्या जुन्या मैदानावर नेले, तेव्हा ती छत्री रिकामीच राहिली, आणि तिच्याखाली कोणाला बसवावे यावर पन्नासहून अधिक वर्षे एकमत झाले नाही. 2022 मध्ये तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा ग्रॅनाइटचा पुतळा आला. रिकाम्या जागेचा वाद भरलेल्या जागेपेक्षा लांबतो, असे यावरून दिसते.

परकीय राजे गेल्यावर महाराष्ट्रातील पुतळ्यांचे वाद थांबले नाहीत. ते आपापसांत आले. पुण्याच्या लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा 2010 च्या डिसेंबरात महापालिकेने हलविला, आणि 2017 च्या जानेवारीत राम गणेश गडकरी यांचा अर्धपुतळा संभाजी उद्यानातून उखडून मुठेत टाकण्यात आला. त्या वादांत इतिहासाचे अर्थ गुंतलेले असल्याने त्यांची चर्चा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे.

काळा घोडा चौकात स्वार गेल्यानंतर मोटारी उभ्या राहू लागल्या, नाव तेच राहिले, आणि 1999 पासून तेथे भरणाऱ्या कलामहोत्सवानेही तेच नाव घेतले. 2017 मध्ये त्या परिसरात पुन्हा एक काळा घोडा बसविण्यात आला. त्याच्या पाठीवर कोणी नाही.