घाटातलं 'खेकडा' इंजिन काय होतं?

मुंबईहून देशावर यायचं तर रेल्वेला सह्याद्री चढावा लागतो. पुण्याच्या वाटेवर बोरघाट, नाशिकच्या वाटेवर थळघाट. दोन्हीकडे सर्वांत अवघड चढ ३७ फुटांमागे १ फूट. मालगाडी ओढताना वाफेच्या इंजिनांची दमछाक व्हायची, बोगद्यांत धूर कोंडायचा.

म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटात वीज आणली. विजेवरची गाडी १९२९ मध्ये पुण्यापर्यंत, तर १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचली. मालगाड्यांसाठी १९२८ पासून 'ईएफ-१' जातीची ४१ इंजिनं घेतली गेली. पहिली स्वित्झर्लंडमध्ये बनली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत.

या इंजिनाचा सांगाडा एकसंध नव्हता. मध्ये चालकाची केबिन आणि पुढे-मागे वळणाऱ्या दोन लांब नाकाड्या. त्यामुळे ते घाटातल्या वळणांवर सहज वळायचं. चार मोटारींची ताकद सुमारे २,६०० अश्वशक्ती. ती लोखंडी दांड्यांमधून चाकांपर्यंत जायची. चालताना या दांड्यांचा वेगळाच आवाज यायचा. रेल्वेच्या लोकांनी त्याला नाव दिलं 'खेकडा'!

खरी कमाल उतारावर होती. तिथे मोटारीच जनरेटरचं काम करायच्या. गाडीचा वेग आवरला जायचा आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जायची.

पुढे या इंजिनांना 'डब्ल्यूसीजी-१' म्हणू लागले: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी वीज, जी म्हणजे मालगाडी. सहा दशकांहून अधिक काळ खेकड्यांनी सेवा दिली. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं 'सर लेस्ली विल्सन' हे खेकडा इंजिन आजही जतन केलेलं आहे.