वॉटसनची वास्तू : लोखंडी सांगाडा, कचेऱ्या आणि संवर्धनाचा प्रश्न

प्रस्तावना : एकोणिसाव्या शतकातील मुंबईची भरभराट कापूस व कापड यांच्या व्यापाराशी निगडित होती. सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि एस्प्लनेड परिसरात इमारतींसाठी भूखंड उपलब्ध झाले. त्यांपैकी एक कापडव्यापारी जॉन वॉटसन याने घेतला. कापडाचे दालन व कचेरी ही त्याची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात तेथे हॉटेल सुरू झाले.

रचना : १८६७ ते १८६९ या काळात उभारलेल्या या पाच मजली वास्तूचा आराखडा अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश याचा होता. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छताशीही त्याचे नाव जोडलेले आहे. बिडाचे खांब व इतर लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि जागेवर जोडण्यात आले. इमारतीचा भार खांब व तुळया यांच्या सांगाड्यावर असून विटांच्या भिंती केवळ मधली जागा भरतात. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला.

रूपांतर : हॉटेल बंद पडल्यानंतर 'एस्प्लनेड मॅन्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतीत कचेऱ्या व बिऱ्हाडे आली. न्यायालय जवळ असल्याने वकिलांची कार्यालये विशेष होती. भिंतींवर भार नसल्यामुळे खोल्यांची विभागणी सुलभ ठरली. उघडे सज्जेही बंदिस्त झाले. मात्र लोखंडास दमट, खाऱ्या हवेत नियमित निगा लागते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीस मालकांजवळ ना पैसा उरला, ना प्रयोजन. २००५ मध्ये सज्ज्याचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. जागतिक स्मारक निधीच्या २००६ च्या धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचा समावेश झाला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली.

समारोप : जुन्या वास्तूला नवा उपयोग मिळाला की ती वाचते, असे सामान्यतः मानले जाते. हे उदाहरण त्या समजुतीस मर्यादा घालते. ज्या रचनेमुळे ही वास्तू प्रत्येक नव्या उपयोगास सामावून घेऊ शकली, तिच्याच देखभालीची जबाबदारी कोणीही उचलली नाही. भाडेकरू, मालक व शासन यांच्यात दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी निश्चित झाल्याखेरीज केलेले रूपांतर हे संवर्धन नव्हे, तर लांबणीवर टाकलेला ऱ्हास होय.