कोतवाल बुकातला शेजारचा रकाना

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, नंतर राज्यभरासाठी. तेव्हापासून आपल्याकडच्या कचेऱ्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली आणि सातारा-सांगलीची माणसं पणजोबा-खापरपणजोबांची नावं शोधायला लागली. 'कुणबी' शब्द दिसला की मोबाईलवर फोटो, नक्कल, आणि दप्तर बंद. दाखल्याला तेवढंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण मंडळी, त्याच पानावर आपल्या घराण्याचा इतिहास पडलेला असतो आणि तो न वाचताच आपण घरी येतो.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद. जुनी पानं बहुतेक मोडीत. तिथं जातीबरोबर मृत्यूचं कारणही लिहिलेलं असतं. ताप, पटकी, देवी. 1918 सालच्या शेवटच्या महिन्यांची पानं मुद्दाम उघडा. त्या इन्फ्लुएंझाच्या साथीत देशात एक कोटीच्या वर माणसं गेली, हे आपण पुस्तकात वाचतो. कोतवाल बुकात तीच साथ एका वाडीच्या, एका भावकीच्या नावांनी समोर येते. घरात एवढंच माहीत असतं की आजोबांना मामानं वाढवलं. का वाढवलं, ते कदाचित त्या पानावर असेल.

आता शोधायचं कुठं? इथं आपल्याकडं खरी गंमत आहे. आजचा सांगली जिल्हा 1949 पर्यंत नव्हताच. त्या साली साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. त्याआधी मध्ये मध्ये संस्थानं होती. सांगली-मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, फलटण निंबाळकरांचं, औंध पंतप्रतिनिधींचं. तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात, पण जवळचंच कुंडल औंध संस्थानात. आज कुंडल सांगलीत आहे आणि औंध साताऱ्यात, खटाव तालुक्यात. म्हणून आधी विचारायचं, त्या साली आपल्या गावावर राज्य कुणाचं होतं? कागद त्या राज्याच्या मागं जातो. तालुक्याला नाही मिळाला तर पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा.

घरात कुणी फौजेत होतं असं ऐकलं असेल तर तो धागाही सोडू नका. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत त्या युद्धातल्या हिंदी शिपायांची नावं इंटरनेटवर शोधता येतात.

आणि हेळवी. नंदी घेऊन सुगीला दारात येणारा, वंशावळ वाचून दाखवणारा. अजूनही काही गावांत येतात. धान्य देऊन वाटेला लावण्याआधी त्यांना बसवून घ्या, चहा द्या, पूर्ण ऐका. मूळ गाव कुठलं, कोण कधी इकडं आलं, हे सरकारी कागदात नसलेलं त्यांच्याकडं सापडतं.

फक्त या सगळ्यात बाया कुठंयत ते बघा. वंशावळ बापाकडून लेकाकडं जाते. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, आणि पुढं नुसतं 'मुलगी'. म्हणजे आपल्या पणजीचं माहेर, तिचं माहेरचं नाव, ती कितव्या वर्षी या घरात आली, हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. त्याची नक्कल कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

मोडी शाळेतून जाऊन सत्तरएक वर्षं झाली. वाचणारे थोडे उरलेत, पानांचा भुगा होतोय. तेव्हा नक्कल काढायला जाल तेव्हा एका ओळीचा नको, अख्ख्या पानाचा फोटो मागा. मोडीवाल्याकडून सगळं पान वाचून घ्या. आणि घरी आल्यावर आज्जीला विचारा, तुझ्या आईचं माहेर कुठलं? उत्तर वहीत लिहा, तारीख घाला.