‘सार्वजनिक उद्याने’ : व्ह्युइयारची चित्रमाला

फ्रेंच चित्रकार एदुआर व्ह्युइयार (१८६८–१९४०) याने १८९४ मध्ये रंगवलेली नऊ उभ्या फलकांची माला. मूळ नाव ‘झार्दँ प्युब्लिक’. ‘ला रव्ह्यू ब्लांश’ हे त्या काळचे गाजलेले नियतकालिक चालवणाऱ्या नातांसाँ बंधूंपैकी अलेक्सांद्र याने पॅरिसमधील आपल्या घरासाठी ती मुद्दाम करून घेतली. व्ह्युइयार तेव्हा पंचविशीचा होता. पिएर बोनार, मोरीस दनी यांच्याबरोबर तो ‘नाबी’ या तरुण चित्रकारांच्या गटात वावरत असे. चौकटीतले सुटे चित्र काढण्यापेक्षा घराची भिंत सजवणे हे चित्रकाराचे खरे काम, अशी या गटाची धारणा होती. ती या मालेत सर्वांत सुंदर रीतीने उतरली आहे.

तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ओस्मान या प्रशासकाने पॅरिसची फेरउभारणी केली, तेव्हा आल्फाँ या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहरभर उद्याने आणि झाडीचे चौक तयार झाले. त्विलरीसारखी एके काळची राजेशाही बागही आता सर्वांची झाली होती. दुपारी तिथे दाया तान्ह्यांना घेऊन बसत, आया मुलांना खेळायला सोडत आणि भाड्याने मिळणाऱ्या खुर्च्या ओढून बायका गप्पा मारत. व्ह्युइयार आईबरोबर त्विलरीजवळच राहत असे. त्विलरी व ब्वा द बुलॉन्य येथे पाहिलेले त्याने या फलकांत एकत्र केले, त्यामुळे मालेत कोणत्याही एका बागेचा नकाशा शोधू नये.

हे फलक पाहताना सुरुवात जमिनीपासून करावी. माणसांकडे लगेच वळले की चित्राचा निम्मा आनंद हुकतो. फलक सुमारे २१४ सेंमी. उंच, म्हणजे माणसापेक्षा उंच आहेत आणि त्यांतला मोठा भाग नुसत्या वाळूमातीच्या फिकट जमिनीला दिलेला आहे. या जमिनीवर ऊन आणि सावली यांचे तुकडे पसरले आहेत. सावली काळी नसून निळसर-जांभळट झाक असलेली आहे. वरच्या भागात पानांचे ठिपके इतके दाट की झाडी खोलात न जाता विणलेल्या कापडासारखी सपाट पुढे येते. क्लूनी संग्रहालयातील मध्ययुगीन भित्तिपट व्ह्युइयारला फार आवडत. शिवाय त्याची आई कॉर्सेट शिवण्याचा व्यवसाय करी, त्यामुळे नक्षीदार कापडे लहानपणापासून त्याच्या डोळ्यांसमोर होती. जपानी मुद्राचित्रे आणि प्युव्हि द शाव्हानची शांत भित्तिचित्रे यांचाही संस्कार दिसतो. पण कापडाचा संस्कार अधिक खोल आहे, असे फलक पाहून वाटते.

माणसे त्यानंतर दिसतात. खेळणाऱ्या मुली, दाया, बोलत बसलेल्या बायका, लाल छत्री घेतलेली एक स्त्री. मोठे पुरुष जवळजवळ नाहीतच. चेहरे अर्धवट सोडलेले आहेत, तरी पाठीचा बाक किंवा मान वळवण्याची ढब एवढ्यावरून प्रत्येकीचा स्वभाव कळतो. झॉर्ज सराच्या ‘ग्रांद झात’ या प्रसिद्ध चित्रातही (१८८४–८६) रविवारची गर्दी आहे, पण तिथली माणसे पुतळ्यांसारखी ताठ आणि एकमेकांपासून तुटलेली भासतात. व्ह्युइयारच्या बायका एकमेकींच्या सहवासात निवांत आहेत. हा निवांतपणा पकडण्यासाठी त्याने कोणताही प्रसंग रचला नाही, हे त्याचे मोठेपण.

या परिणामामागे रंगाचे तंत्र आहे. तेलरंगाऐवजी व्ह्युइयारने कोरडी रंगपूड गरम सरसाच्या पाण्यात कालवून कॅनव्हासवर लावली. ल्यून्ये-पो या मित्राच्या नाटकमंडळीसाठी पडदे रंगवताना हे तंत्र त्याच्या हातात बसले होते. सरस सतत गरम ठेवावा लागतो, कारण गार होताच तो घट्ट होतो. ओला असताना गडद दिसणारा रंग वाळल्यावर फिकट पडतो, म्हणून शेवटी काय उतरेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. पृष्ठभाग खडूसारखा, चकाकी नसलेला होतो. त्यावर प्रकाश चमकत नाही, तो आतच मुरल्यासारखा वाटतो. उन्हाळ्याच्या दुपारची धूळ आणि ऊब दाखवायला याहून योग्य माध्यम सापडले नसते. मात्र ते नाजूक आहे : पाणी लागले तर डाग पडतात आणि व्हार्निश दिले तर रंग काळवंडतात.

१९२९ मध्ये नातांसाँने माला विकली आणि फलक विखुरले. पाच आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. बाकीच्यांपैकी काही क्लीव्हलँड, ह्यूस्टन आणि ब्रसेल्स येथील संग्रहालयांत आहेत. ओर्सेतील ‘दाया’, ‘संभाषण’ आणि ‘लाल छत्री’ हे तीन फलक शेजारी शेजारी पाहायला हवेत. मधला ‘संभाषण’ सुमारे १५४ सेंमी. रुंद, दोन बाजूंचे त्याच्या जवळजवळ निम्मे. दूर उभे राहिले की तिन्ही फलकांतून एकच बाग सलग पसरलेली दिसते. जवळ गेले की ती मोडून ठिपके उरतात. पुस्तकातल्या प्रतिकृतींवर फार विसंबू नये. गुळगुळीत कागदाच्या चकाकीत या रंगांचा कोरडेपणा, म्हणजे त्यांचा मुख्य गुण, नाहीसा होतो.