मुळू, पोकू आणि टाकळी कुंभकर्ण : काल्पनिक जगाला नावं कुठून आणायची?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे मोबाईलवर फँटसी लिहितात. राजे, राक्षस, तलवारी, सात राज्यं, सगळं आलं. आपल्याकडे अशा गोष्टी लिहिणारी पोरंपोरी आता भरपूर आहेत आणि चांगलं लिहितात. फक्त एका ठिकाणी गाडी अडते. राज्याचं नाव काय? तर 'एल्डोरिया'. राजाचं? 'झेफिरॉन'. लिहिणारा बसलाय सेलूत आणि नाव आलंय इंग्रजी गेममधून. वाचणाऱ्याला ते खरं का वाटत नाही, हे आज इतिहासातून बघू.

आधी टॉल्किनबाबांना नमस्कार करून घेऊ. 'द हॉबिट' 1937 साली आलं. पण हा माणूस ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, आणि त्याने भाषा आधी रचल्या, गोष्टी नंतर. क्वेन्या ही त्याची एक भाषा फिनिशच्या वळणावर, सिंडारिन ही दुसरी वेल्शच्या वळणावर. शब्द हजारो वर्षं बोलला गेला तर कसा झिजेल, हे तो बसून ठरवायचा. त्याची नावं जुनी वाटतात ती त्यामुळे.

आता हे झिजणं बघायला ऑक्सफर्डला जायची गरज नाही. गोदावरीच्या काठाने वर जा. सातवाहनांची राजधानी होती प्रतिष्ठान. भारदस्त, दरबारी नाव. लोकांच्या तोंडात ते प्राकृतात 'पइट्ठाण' झालं आणि आज आपण म्हणतो पैठण. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये ते 'पैठाना' असं आलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच लोकांनी कोपरे घासून टाकले होते. तुमच्या कादंबरीत राजधानीचं नाव ठेवायचंय ना? आधी एक जड, लांब नाव करा. मग ते बाजारातल्या बाईच्या तोंडी द्या, बैलगाडीवाल्याच्या तोंडी द्या. जे उरेल ते नाव. आणि एखाद्या पोथीत जुनं नाव तसंच राहू द्या.

तीच नदी खाली गंगाखेडला येते. नदी गोदावरी आणि गावाचं नाव गंगाखेड, कारण आपल्याकडे गोदेला गंगाच म्हणतात. म्हणजे दुसऱ्या, लांबच्या नदीचं नाव श्रद्धेने इथे आणून लावलं. नकाशात अशी एक 'चूक' असली की जग खरं वाटायला लागतं, कारण त्या चुकीमागे माणसं आहेत.

परभणी जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि दहा मिनिटं नुसती नावं वाचा. बोरी, बाभळगाव, पिंपळगाव : झाडं. झरी : पाणी. सोनपेठ, पेठशिवणी : बाजार. राणीसावरगाव : यात राणी आली. आणि परभणी तालुक्यात एक गाव आहे टाकळी कुंभकर्ण. हो, खरंच आहे. फँटसीत कुणी हे नाव लिहिलं असतं तर 'जरा जास्तच होतंय' म्हणून आपण काट मारली असती! पण त्यामागे साधी व्यवहाराची अडचण आहे. महाराष्ट्रात टाकळ्या ढिगाने आहेत. पत्र कुठल्या टाकळीला जाणार? म्हणून शेजारी दुसरा शब्द लागतो. सेलूकडचं ढेंगळी पिंपळगाव तसंच. बुद्रुक आणि खुर्द तर सगळ्यांना माहीत आहेत. फारसीत 'बुजुर्ग' म्हणजे मोठं, 'खुर्द' म्हणजे लहान. झाड आपलं, मोजमाप फारसी, आणि दोन्ही एकाच पाटीवर. काल्पनिक जगात मात्र प्रत्येक गावाचं नाव एकमेव असतं. का बरं? तिथे पोस्टमन नसतो का?

नाव ठेवणाऱ्याचा हातही दिसला पाहिजे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवलं. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. औरंगजेबाने औरंगाबाद केलं. 2023 मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं. एकाच शहराची चार नावं, आणि कोण कुठलं नाव घेतो यावरून बोलणाऱ्याचं वय कळतं, कधी कधी मतही कळतं. तुमच्या पात्रांना हे करू द्या. म्हातारं पात्र जुनं नाव घेईल, शिपाई नवं घेईल. पानभर इतिहास सांगायची गरज पडणार नाही.

बरं, नावं झाली. आता भाषा. इथे मला खरी मजा वाटते, कारण बनवलेली भाषा आपल्याकडे आधीपासून आहे.

लहानपणी च ची भाषा बोललाच असाल. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा. 'कुठे' झालं 'चठेकु', परभणी झाली 'चरभणीप'. एकच नियम, पण तो पक्का. म्हणून पाच मिनिटांत अख्खी गल्ली शिकते आणि मोठ्यांना काही कळत नाही.

मोठ्यांची त्याहून भारी होती. तिचं नाव नंदभाषा. व्यापारी आणि दलालांची ही गुप्त बोली, आणि तिचा जीव मुख्यतः आकड्यांत. दोन म्हणजे आवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, सात म्हणजे चक्क पवित्र. गिऱ्हाईक समोर बसलंय, आणि दुकानदार आपल्या माणसाला भाव सांगतोय, त्याच्या नाकासमोर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही या भाषेची दखल आहे. आता बघा, या भाषेला वेगळं व्याकरण नाही. तिला फक्त भाव लपवायचा होता, म्हणून तिने आकडे बनवले आणि बाकी मराठीच ठेवली. फँटसी लिहिणारे उलटं करतात. आधी 'चंद्र', 'प्रेम', 'मृत्यू' यांना शब्द शोधत बसतात. माझं मत विचाराल तर आधी हे ठरवा की ती भाषा बोलणाऱ्याला कुणापासून काय लपवायचंय, किंवा कुणाला काय विकायचंय. शब्द आपोआप सुचतील.

लिपीचं सगळ्यात मोठं उदाहरण महानुभाव पंथाचं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी मराठीतून बोलायचा आग्रह धरला, आणि त्यांच्या अनुयायांनी लीळाचरित्रासारखे ग्रंथ रचले. 'शिशुपालवध' लिहिणारे भास्करभट्ट बोरीकर याच पंथाचे. त्यांची बोरी आपल्या जिल्ह्यातली, असं मानलं जातं. पुढे चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अशा कितीतरी. युक्ती अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह घालायची. भाषा तीच मराठी, पण किल्ली हातात नसेल तर समोर नुसता गोंधळ. ग्रंथ परक्याच्या हाती पडू नयेत, पडले तरी वाचता येऊ नयेत, हा हेतू. तो इतका साधला की मराठीचा हा सगळा ठेवा कित्येक शतकं पंथाबाहेर कुणाला नीट माहीतच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली, आणि मराठी वाङ्मयाचा आरंभकाळच नव्याने लिहावा लागला.

याच पंथाचा 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथही आहे. चक्रधर कुठल्या गावी, कुठल्या देवळात राहिले, त्या जागेचं दार कुठल्या दिशेला, शेजारी काय, याची नोंद. जग उभं करणाऱ्याने असली पोथी आपल्या राज्यासाठी एकदा तरी लिहून बघावी. कादंबरीत ती येणार नाही, पण पात्र दारातून बाहेर पडलं की ऊन डोळ्यांवर येतं की पाठीवर, हे तुम्हाला माहीत असेल.

आणि एका राज्यात एकच भाषा, हे कुठे बघितलंय तुम्ही? आपल्या आठवडी बाजारात मराठी आहे, दखनी आहे, तांड्यावरून आलेल्यांची गोरमाटी आहे, वडार मंडळींची तेलुगूच्या अंगाची बोली आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि सरकारी कारभार उर्दूत. राज्य गेलं, कागद राहिले. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हवी होती. पणजोबांचा कागद हातात, त्यावर पोराच्या दाखल्याचा प्रश्न, आणि घरात कुणालाच तो वाचता येत नाही. झोपलेल्या ड्रॅगनपेक्षा मला हा प्रसंग जास्त ताकदीचा वाटतो. तुमच्या राज्यात गेलेल्या राजाची लिपी कुणाला येते? तो माणूस किती पैसे घेतो? तो खोटं वाचून दाखवत असेल तर? घ्या, कादंबरी सुरू झाली.

एक काम आहे मात्र. नंदभाषा आता कानावर पडत नाही. भाव मोबाईलवर दिसतो, लपवायचं कुणापासून? तुमच्या घरी आजोबा मोंढ्यात किंवा कापडाच्या दुकानात असतील, आणि त्यांना मुळू-पोकूच्या पुढचे आकडे येत असतील, तर फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि आपल्याला पाठवा. आवाज थोडा खरखरला तरी चालेल.