पाच हजार चाळीस : अंकपाश, कूटतान आणि क्रमचयाचे अध्यापन

अकरावीच्या गणितात क्रमचय व समचय हे प्रकरण येते, तेव्हा विद्यार्थ्यांपुढे प्रथम सूत्र ठेवले जाते आणि मग उदाहरणे. सूत्रात किमती भरणे बहुतेकांना जमते. मात्र तीन वस्तूंच्या सहाही मांडण्या क्रमाने लिहून दाखवा असे म्हटले, की कोणी चार लिहितो, कोणी पाच, तर कोणी एकच मांडणी दोनदा लिहितो. दिघी-भोसरी परिसरातील वर्गांत हा अनुभव वारंवार येतो, आणि तो केवळ याच परिसरापुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. मोजता येते, पण मांडता येत नाही, या विसंगतीचे मूळ शोधताना महाराष्ट्राच्या गणितेतिहासातील दोन ग्रंथांकडे वळावे लागते. त्यांपैकी एक गणिताचा आहे, दुसरा संगीताचा.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' इ. स. ११५० मध्ये पूर्ण केली. ग्रंथाच्या अखेरीस 'अंकपाश' हे प्रकरण आहे. त्यातील पहिलाच नियम आजच्या सूत्राचे मूळ रूप आहे : जितकी स्थाने असतील, तितक्यांपर्यंत एकापासून क्रमाने येणाऱ्या संख्यांचा गुणाकार करावा, म्हणजे भेदांची संख्या मिळते. उदाहरणे मोजकी, पण नेमकी निवडलेली आहेत. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केल्यास ३६,२८,८०० रूपे होतात. हरीच्या चार हातांतील गदा, चक्र, कमळ व शंख यांची २४. समान अंक असतील तर भागाकार कसा करावा, हेही सांगितले आहे. ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या १२० नव्हे, तर २० च संख्या होतात.

भास्कराचार्य भेदांची संख्या सांगून थांबत नाहीत, त्या सर्व संख्यांची बेरीजही मागतात, आणि हा भाग आजच्या क्रमिक अध्यापनातून जवळजवळ लोपला आहे. दोनपासून नऊपर्यंतच्या आठ अंकांनी किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती? संख्या ४०,३२० होतात. एवढ्या संख्या मांडून बेरीज करणे कोणालाही शक्य नाही. येथे विचारच करावा लागतो. एकंस्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा येणार, म्हणजे ४०,३२० भागिले ८, अर्थात ५,०४० वेळा. आठ अंकांची बेरीज ४४; म्हणून एका स्थानाची बेरीज २,२१,७६०. प्रत्येक स्थानी हीच बेरीज येते, म्हणून तिला १,११,११,१११ ने गुणावे. उत्तर २४,६३,९९,९९,७५,३६० येते. 'प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा येतो' हे वाक्य विद्यार्थ्याने स्वतः उच्चारले, तर सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

लीलावतीतील या नियमांमागची उपपत्ती कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'बुद्धिविलासिनी' टीकेत (१५४५) उलगडली. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ मध्ये ही टीका मूळ ग्रंथासह प्रसिद्ध केली. मराठी वाचकासाठी प्रा. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' (१९७१) आहे. म्हणजे साधने नाहीत असे म्हणता येत नाही. ती वर्गापर्यंत पोचत नाहीत, एवढेच.

येथे एका सोयीस्कर समजुतीची दखल घेणे आवश्यक आहे. 'आपल्या परंपरेत मांडणीवर भर होता, सूत्राचे खूळ इंग्रजी पाठ्यपुस्तकांनी आणले' असे विधान अधूनमधून ऐकू येते. अंकपाश प्रकरण वाचल्यावर ते टिकत नाही. भास्कराचार्य सूत्रच देतात. सर्व मांडण्या क्रमाने कशा लिहाव्यात, याची रीत ते तेथे देत नाहीत. समचयाच्या नियमापाशी छंद, शिल्प व वैद्यक यांतील उपयोगांचा उल्लेख करून, विस्तारभयास्तव ते सांगितले नाहीत, असे म्हणून ते पुढे जातात. मांडणीची रीत त्या त्या विद्येच्या अभ्यासकांकडे होती. निदान संगीताच्या बाबतीत ती कोठे होती हे आपणास निश्चित सांगता येते.

ती होती देवगिरीला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांचे नाव भास्कर (हा योगायोगच), आणि तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी. स्वरांच्या तानांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडणारा ग्रंथकार पेशाने हिशेबनीस असावा, यात नवल वाटू नये. त्याच सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला. त्या मठाला निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख तेथे आहे. लेखाचा अखेरचा भाग मराठीत असून बाजारातील मालावरील कराचा वाटा मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. गणिताच्या अध्यापनासाठी झालेल्या आर्थिक तरतुदीचा इतका जुना मराठी पुरावा आपल्याजवळ आहे, याची जाणीव गणिताच्या शिक्षकांना तरी असावी.

शार्ङ्गदेव सांगतो, की सात स्वर प्रत्येकी एकदा घेतल्यास ५,०४० ताना होतात. त्या लिहिण्याची रीत तो 'प्रस्तार' या नावाने देतो. सा, रे, ग हे तीन स्वर घेऊन ती पाहू. पहिली ओळ मूळ क्रमाची : सा रे ग. पुढील ओळीसाठी डावीकडून पाहत जावे. ज्या स्वराच्या डावीकडे त्याहून खालचा स्वर आहे, अशा पहिल्या स्वराखाली तो लगतचा खालचा स्वर लिहावा. उजवीकडचे वरच्याप्रमाणे उतरवावे, आणि डावीकडे उरलेले स्वर मूळ क्रमाने भरावेत. अशा रीतीने रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा आणि ग रे सा या ओळी मिळतात. सहावी ओळ पूर्ण उलट्या क्रमाची असल्याने प्रस्तार तेथेच संपतो. काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही.

पुढचा भाग अधिक सूक्ष्म आहे. एखादी तान दिली असता ती प्रस्तारात कितवी, हे शोधणे म्हणजे 'उद्दिष्ट'. क्रमांक दिला असता तान शोधणे म्हणजे 'नष्ट'. यासाठी 'खंडमेरु' नावाचा तक्ता आहे. चार स्वरांच्या प्रस्तारात 'म सा ग रे' ही तान कितवी? शेवटी 'म' असलेल्या सहा ताना प्रथम येतात, मग 'ग' शेवटी असलेल्या सहा; शेवटी 'रे' आहे, म्हणून १२ मागे पडल्या. उरलेल्या सा, ग, म यांत शेवटी 'ग' आहे, म्हणून आणखी २. उरलेल्या सा, म यांत शेवटी 'सा' आहे, म्हणून आणखी १. एकूण १५ मागे गेल्या, ही सोळावी. आज संगणकशास्त्रात क्रमगुणित अंकपद्धती या नावाने जी कल्पना शिकवली जाते, तिचेच हे रूप आहे. पुढे नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त (१३५६) अंकपाशाचा विस्तार करताना प्रस्तार, नष्ट व उद्दिष्ट यांना गणितग्रंथातच स्थान दिले. भास्कराचार्यांनी वगळलेले तेथे भरून निघाले. पण मुंबईत १८१६ मध्ये जॉन टेलर यांचे आणि त्यापाठोपाठ १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर निघाले, ते लीलावतीचे. कौमुदी दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिली.

विसाव्या शतकातील एक मराठी शाळाशिक्षक या संदर्भात आठवतो. देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म जाहीर केला. चार अंक घ्यावेत, ते सर्व सारखे नसावेत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करावी, आणि हीच कृती पुनःपुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, त्यावरून ८३५२, आणि त्यावरून ६१७४. आता त्याच अंकांची कोणतीही मांडणी, ४२५३ किंवा २४३५, घेतली तरी पहिलीच वजाबाकी तीच येते. अंक उतरत्या क्रमाने लावले, की मूळ क्रम पुसला जातो. क्रमचय आणि समचय यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

दिघीतील विद्यार्थ्याला यासाठी ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. शाळेसमोरच्या आळंदी रस्त्यावर उभे राहिले, की एमएच १४ अक्षरांच्या पाट्या लावलेली वाहने अखंड जात असतात. पाटीवरचे शेवटचे चार अंक पाहावेत. एका अक्षरमालेत ०००१ पासून ९९९९ पर्यंत, म्हणजे ९,९९९ क्रमांक. त्यांत चारही अंक भिन्न असलेले किती? पहिल्या स्थानी दहा पर्याय, मग नऊ, आठ, सात : गुणाकार ५,०४०. देवगिरीच्या तानांची जी संख्या, लीलावतीच्या उदाहरणात प्रत्येक अंक एकेका स्थानी जितक्या वेळा येतो ती जी संख्या, तीच येथे पुन्हा येते. पहिल्या दोन्ही ठिकाणी ती एकापासून सातपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार आहे. पाटीवर मात्र दहा, नऊ, आठ, सात यांचा गुणाकार आहे, आणि दोन्ही गुणाकार समान का निघावेत, हा प्रश्न वर्गात विचारल्यास तास पुरत नाही. कापरेकरांची कृती या पाट्यांवर केली, तर ५,०४० क्रमांकांचे चोवीस-चोवीसांचे गट पडतात, आणि गट होतात २१०. दहा अंकांतून चार निवडण्याचे प्रकारही तितकेच.

प्रात्यक्षिकासाठी एवढी सामग्री पुरेशी आहे. प्रथम चार स्वरांचा अथवा चार अंकांचा प्रस्तार, म्हणजे चोवीस ओळी, हाताने लिहून घ्याव्यात. मग सोळावी ओळ कोणती हे न मोजता विचारावे. सूत्र फळ्यावर त्यानंतर यावे.